यंदा कुठल्या मैफलीत तानपुरा मनापासून ऐकायला मिळाला?

खर्जातली (सांगली)

नमस्कार मंडळी. गुढीपाडव्याच्या पहाटेचे कार्यक्रम तेवढे राहिलेत, बाकी २०२४-२५चा मैफलींचा हंगाम सरलाच म्हणायचा. म्हणून विचारते. यंदा तुम्ही जिथे जिथे गाणं ऐकलंत, त्यांतल्या कुठल्या मैफलीत तानपुरा खरोखर ऐकू आला? आणि तिथे वेगळं काय होतं? जागा, ध्वनियंत्रणा, श्रोते, की कलाकाराचा आग्रह?

का विचारते ते सांगते. मी आमच्या बाईंकडे गाणं शिकते आणि त्या गातात तेव्हा मागे तानपुऱ्यावर बसते. दुसऱ्या कुणाच्या मैफलीला श्रोता म्हणून गेले तरी कान आधी तिकडे जातात. गाणाऱ्याचा पहिला षड्ज, म्हणजे सा, यायच्या आधी त्या तारा कशा बोलतायत, दोन तानपुरे एकमेकांत मिसळलेत का, जवारी (तारेचा घोडीवर उमटणारा झंकार) खुली आहे की बसलीये, हे कळल्याशिवाय मला पुढचं गाणं नीट ऐकताच येत नाही.

यंदा सगळ्यांत जास्त समाधान मिळालं ते मिरजेत, दर्ग्याच्या उरुसात. चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चढला की उरूस सुरू होतो आणि रात्री आवारात, चिंचेच्या झाडाखाली संगीत सभा भरते. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर याच दर्ग्यात आहे. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना प्रवासात ते गेले आणि त्यांना मिरजेला आणलं. त्यामुळे इथे कलाकार हजेरी लावायला येतो, तिकीट नाही की पास नाही. पुढे सतरंजीवर बसलेल्यांत गाणं शिकणारी मुलं असतात, उरुसाला आलेली खेड्यातली कुटुंबं असतात, कडेवर झोपलेलं मूल घेतलेल्या बायाही असतात. बाहेर पाळणे फिरत असतात, खेळण्यांच्या दुकानांतल्या पिपाण्या वाजत असतात.

एवढ्या गलक्यात एक तिशीतला गायक बसला. मालकंस गायचा होता. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमावर आणायची. मी अगदी जवळ होते, सगळं दिसत होतं. त्यानं खुंटी हळूच सैल केली, तार मध्यमाच्या किंचित खाली नेली, मग वर घेतली. खालचा मणी केसभर सरकवला. मग घोडीवरचा दोरा बोटाच्या टोकानं पुढे-मागे करत राहिला. तार वाजतेय पण झंकारत नाही, झंकारते पण लगेच विझते, आणि मग एका जागी दोरा आला आणि तार अशी उघडली की शेजारची चुळबुळणारी मुलगी मान वर करून बघायला लागली. दुसरा तानपुरा पुन्हा तसाच. यात बराच वेळ गेला. कुणी घाई केली नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. त्यानंतर तो नुसता षड्जावर थांबला तेव्हा पाळणे आणि पिपाण्या कुठे गेल्या मला ठाऊक नाही. कर्णे दोनच होते, आवाज बेताचा होता, पण चारही तारा वेगवेगळ्या आणि एकत्र, दोन्ही ऐकू येत होत्या.

डिसेंबरात पुण्याला सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाला, जाऊन आले. तबल्याचे झाकीरभाई (झाकीर हुसेन) १५ तारखेला गेले आणि १८ तारखेला महोत्सव सुरू झाला. मुकुंदनगरच्या मांडवात पहिल्या दिवशी जो तो त्यांच्याबद्दलच बोलत होता. चहाच्या रांगेत माझ्या पुढचे दोघे त्यांचे जुने कार्यक्रम आठवत होते, नंबर आला तरी पुढे सरकेनात आणि मागच्या कुणी त्यांना हटकलंही नाही. इतक्या हजारो माणसांच्या मांडवात तानपुरा ऐकू येणं अवघड, पण भारतीय बैठकीत मधोमध जागा मिळाली आणि आलापीच्या वेळी बऱ्यापैकी ऐकू आला. रविवारी शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची तबकडी लावतात, तेव्हा सामान आवरून उभी राहिलेली माणसं पुन्हा खाली बसतात, तेही पाहिलं.

आणि मग जानेवारीतली एक मैफल. एका मोठ्या शहरातलं मोठं सभागृह, नाव लिहीत नाही. गायिका माझ्या फार आवडीची. मागे दोन मुली तानपुरे घेऊन बसलेल्या, त्यांची बोटं चालताना दिसत होती, आणि ऐकू येत होतं काय? डग्ग्याचा छातीत बसणारा ठोका आणि आवाजावर चढवलेला घुमारा. माझ्या ओळीतल्या एका आजोबांनी रुमालाची टोकं पिळून कानांत घातली. बाई माझ्यासोबत होत्या. मध्यंतरात म्हणाल्या, "बिचारीला आज षड्ज कुठून मिळत होता कोण जाणे." आम्ही उत्तरार्धाला थांबलो नाही. आवडत्या कलाकाराच्या मैफलीतून उठून जायचं दुःख अजून गेलेलं नाही.

म्हणून मनापासून विचारते. तुमचे यंदाचे अनुभव लिहा, बरे आणि वाईट दोन्ही. कुठे बसता? आवाज कमी करा असं कधी कुणाला सांगितलंत का, आणि ऐकलं का कुणी?

मिक्सरमागे (पुणे)

ताई, मी गेली बरीच वर्षं शास्त्रीय मैफलींची ध्वनिव्यवस्था बघतो. तुमचं दुखणं खरं आहे. ते कुठून येतं ते सांगतो, म्हणजे उपायही कळेल.

पहिली गोष्ट म्हणजे मंचावरचे मॉनिटर. कलाकाराला स्वतःचा आवाज आणि तबला ऐकू यावा म्हणून तोंडासमोर स्पीकर असतात. तबलजी म्हणतो मला गायकाचा आवाज वाढवा, गायक म्हणतो मला पेटी वाढवा, मग पेटीवाल्याला तबला ऐकू येत नाही. तीनदा असं झालं की मंचावरच इतका आवाज होतो की सभागृहातल्या स्पीकरना त्याच्या वर जावं लागतं. प्रेक्षकांत आवाज मोठा का, तर मंचावर मोठा म्हणून. जे कलाकार मॉनिटर अगदी लहान ठेवायला सांगतात, त्यांच्या मैफलीत माझं निम्मं काम झालेलं असतं.

दुसरी गोष्ट तानपुऱ्याची. तानपुरा मुळात नाजूक वाद्य. त्याला स्वतंत्र माइक देऊन आवाज वर घेतला की सभागृह शिट्टी मारायला लागतं. ती थांबवायला आम्ही खालचे स्वर कापतो, आणि मग खर्जच जातो. उरते नुसती वरची झिणझिण. माझा अनुभव असा, की तानपुरे गायकाच्या मागे दीड-दोन हातांवर असतील आणि गायकाला चांगला कंडेन्सर माइक (लांबचा बारीक आवाजही पकडणारा) असेल तर तोच माइक तानपुरा उचलतो, आणि नैसर्गिक उचलतो. पण गायक जर ओठाला लावून गायचा साधा माइक मागत असेल तर मागचं काही येत नाही.

तिसरी गोष्ट जागा. तुम्हाला चिंचेखाली चांगलं ऐकू आलं यात नवल नाही. उघड्यावर आवाज जातो आणि परत येत नाही. बंद सभागृहात भिंतींवरून परत येतो, आणि डग्ग्यासारखे खालचे आवाज कोपऱ्यांत आणि बाल्कनीच्या छताखाली साचतात. बाल्कनीखालच्या शेवटच्या ओळी टाळा. पहिली ओळही टाळा, तिथे मॉनिटरचा आणि बाजूच्या खांबावरच्या स्पीकरचा मारा असतो. मिक्सर जिथे मांडलाय त्याच्या आसपास बसा, कारण मी जे ऐकून आवाज बसवतो तेच तुम्हाला ऐकू येईल.

मोठ्या मांडवात आणखी एक भानगड. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून ३४ मीटरवर बसलात तर गायकाचे ओठ हलल्यानंतर एक दशांश सेकंदानं स्वर पोचतो. म्हणून मध्ये लावलेल्या स्पीकरना तेवढा उशीर मुद्दाम द्यावा लागतो. तो दिला नाही तर एकच तान दोनदा ऐकू येते आणि तानपुऱ्याचा नुसता चिखल होतो. हे जमवलेलं असेल तर मागे बसूनही छान ऐकू येतं.

आणि सांगायचं असेल तर संयोजकाला नको, थेट आमच्याकडे या. "आवाज कमी करा" म्हणालात तर आम्ही सगळंच थोडं खाली घेतो आणि दहा मिनिटांत परत वर जातं. "डग्गा कमी करा", "आवाजावरचा घुमारा काढा" असं नेमकं सांगा. मला असं कुणी येऊन सांगितलं तर बरं वाटतं. निदान कुणीतरी कान देऊन ऐकतंय हे कळतं.

रमणबागेचा जुना (पुणे)

खर्जातली ताई, मिरजेचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांच्या नावानं भीमसेनजींनी १९५३ पासून पुण्यात हा उत्सव चालवला. तुम्ही एका हंगामात एकाच घराण्याच्या दोन्ही टोकांना जाऊन आलात.

मिक्सरमागे यांनी यंत्रांचं सांगितलं ते पटलं, पण मला वाटतं खरा फरक वेळेचा आहे. पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावर सवाई रात्रभर चालायची. आम्ही घोंगड्या, कानटोप्या, थर्मास घेऊन जायचो. कलाकार मंचावर आला की तानपुरे लावायला हवा तेवढा वेळ घ्यायचा, आणि ते लावणं हाही मैफलीचाच भाग होता. भीमसेनजी तर तानपुऱ्याच्या बाबतीत काडीची तडजोड करत नसत. तारा मनासारख्या लागेपर्यंत सगळा मांडव थांबायचा, आणि त्या लागता लागता हजारो माणसं एका षड्जात येऊन बसायची. मग उत्तररात्री दरबारी, अडाणा, पहाटे ललत, आणि सकाळी तोडी. हे राग त्यांच्या वेळेला ऐकलेत मी, आणि तो आनंद कुठल्याही ध्वनिमुद्रणात नाही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहाची मर्यादा पक्की केली, आणि हे सगळं थांबलं. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, तेवढंच. कायद्याला माझा विरोध नाही, आजारी माणसाला झोप हवी. पण त्याचा परिणाम असा झाला, की तेवढेच कलाकार कमी तासांत बसवायचे, प्रत्येकाला तासाभराचा वेळ, आणि तासातली वीस मिनिटं तानपुऱ्याला कोण देणार? मग आत खोलीत लावून आणलेला तानपुरा मंचावर ठेवतात आणि लगेच सुरू.

यात एक चांगलंही झालं, तेही सांगतो. उत्सव दुपारीच सुरू व्हायला लागला आणि आम्हाला दुपारचे राग मिळाले. पूर्वी सवाईत भीमपलास किंवा मुलतानी ऐकायला कुठे मिळायचा? यंदा मी एका तरुण मुलीचा मुलतानी ऐकला. ऊन मांडवाच्या कापडातून आत येत होतं, गर्दी अजून व्हायची होती, पुढची निम्मी बैठक रिकामी. तिनं कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम असे लावले की मी हातातली शेंगदाण्याची पुडी तशीच खिशात ठेवली. आणि हो, तानपुरा ऐकू आला. गर्दी नव्हती म्हणून आवाजही वाढवलेला नव्हता. माझा सल्ला हाच: मोठी नावं रात्री असतात, ती ऐकाच, पण दुपारचं पहिलं सत्र चुकवू नका.

खर्जातली (सांगली)

काका, आत लावून आणलेल्या तानपुऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी मागे बसून रोज अनुभवते. आतली खोली उकाड्याची, मंचावर वातानुकूलन. किंवा उलटं, आत गार आणि मंचावर दिव्यांची धग. लाकूड आणि भोपळा दोन्ही हवा पितात. तार पाच मिनिटांत उतरते किंवा चढते. कलाकाराचा आलाप सुरू झालेला असतो, आणि आम्ही मागे मणी सरकवत असतो, तोही असा की श्रोत्यांना कळू नये. पंधरा मिनिटं आधी तानपुरे मंचावर नेऊन नुसते ठेवू दिले तरी पुष्कळ फरक पडतो. संयोजकांपैकी कुणी वाचत असेल तर एवढं कराच.

मिरजेच्या सितार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या भागात त्याचा फार आनंद झाला. तिथल्या सतारमेकर मंडळींचे पूर्वज हत्यारं घडवणारे शिकलगार. भोपळा पंढरपूर-सोलापूरकडून येतो, महिनोन्महिने वाळवतात, मग कापतात, मग कोरतात. आणि जवारी काढणं हे शेवटचं काम घरातला जाणता माणूसच करतो. घोडीवर कानस फिरवायची, तार वाजवून बघायची, परत फिरवायची. गेल्या महिन्यात आमच्या बाईंचा तानपुरा घेऊन गेले होते. तो माणूस तासभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शेवटी तानपुरा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता वाजवा." खर्जाच्या तारेतून गंधार इतका स्वच्छ आला की मी वाजवत राहिले आणि पैसे द्यायचं सुचलंच नाही. असं वाद्य मंचावर न्यायचं आणि ते कुणाला ऐकूच येऊ नये, याचा मला त्रास होतो.

मिक्सरमागे, तुमचं उत्तर मी छापून बाईंना वाचायला दिलंय. पुढच्या कार्यक्रमात मॉनिटर लहान ठेवायला सांगणार आहेत.

कुळागर (फोंडा, गोवा)

आमच्याकडचं सांगतो. कला अकादमीत गायिका केसरबाई केरकरांच्या नावाचा समारोह होतो, तो आम्ही जमेल तेव्हा बघतोच. केसरबाई आमच्या फोंड्यातल्या केरीच्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, याचा इथल्या लहान पोरालाही अभिमान आहे. पण तानपुरा ऐकायचा असेल तर देवळात या.

फोंड्याच्या आसपास देवळं किती आहेत तुम्हाला माहीत आहे. उत्सवाच्या दिवसांत सभामंडपात बैठक होते. पालखी झाली, आरत्या झाल्या, तीर्थप्रसाद झाला की मग गाणं. लाकडी खांब, उतरतं कौलारू छप्पर, तिन्ही बाजू मोकळ्या. आवाज भिंतीवर आपटत नाही आणि हरवतही नाही. यंदा आमच्या कुलदेवतेच्या उत्सवात एकच माइक होता, तोही गायिकेच्या समोर हातभर अंतरावर. तबल्याला नाही, पेटीला नाही. तबला वाजवणारा गावातलाच, दिवसा बँकेत नोकरी करतो. त्यानं पहिल्या आवर्तनातच हात हलका ठेवला, कारण माइक नाही म्हटल्यावर गायिकेला झाकायचं नाही हे त्याला कळत होतं. मला वाटतं हेच महत्त्वाचं. माइक काढून घेतला की साथीदार आपोआप ऐकून वाजवतो.

तिनं आधी जौनपुरी गायली, मग एक नाट्यपद, मग लोकांनी अभंग मागितला. जौनपुरी चालू असताना मी खांबाला टेकून बसलो होतो. खरं सांगतो, तानपुऱ्याचा थरथराट पाठीला लागत होता.

दुसरं एक. गायिका मोगूबाई कुर्डीकर ज्या कुर्डी गावच्या, ते गाव साळावली धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा मूळ गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. तिकडे जाणार असाल तर जरूर जा. मोगूबाई जिथून निघाल्या ती माती पायाखाली येते.

लोकलवाली (नेरुळ)

मी या धाग्यावर सगळ्यांत नवीन आहे, शास्त्रीय फार कळत नाही. पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

जानेवारीत आमच्या नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला. मी त्यातल्या एका दिवशी गेले होते. मला फार आवडलं आणि ते मी लपवणार नाही. सगळ्यांच्या मनगटांवर दिव्यांचे पट्टे, गाण्याबरोबर अख्खं स्टेडियम एकदम रंग बदलतं, अनोळखी माणसं गळ्यात हात टाकून गातात. येताना स्टेशनवर प्रचंड गर्दी आणि त्या गर्दीतही लोक गातच होते. कानांत फोमचे बोळे घातले होते, मैत्रिणीनं आधीच बजावलं होतं, त्यामुळे कान ठीक राहिले.

त्यानंतर पंधरवड्यात आजीनं मला दादरला एका घरगुती बैठकीला नेलं. चाळीसेक माणसं, माइक नाहीच. पहिली काही मिनिटं मला वाटलं आवाज फार लहान आहे. मग हळूहळू कान मोठे झाले असं म्हणू का? गायकाचा श्वास ऐकू यायला लागला. तबलजीच्या अंगठीचा आवाज ऐकू आला. आणि मागून सतत काहीतरी चालू होतं. मला वाटलं पंखा आहे की काय, तर तो तानपुरा होता! ते एकदा कळल्यावर मी त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकूच शकले नाही. आजीचा हात धरून ठेवला होता मी.

प्रश्न हा, की अशा बैठकांना ओळख नसताना जाता येतं का? कुठे कळतं? सारखं आजीच्या ओळखीवर किती जायचं?

खर्जातली (सांगली)

अगं, पंख्याचं वाचून मी बाईंना लगेच फोन केला. तुझे कान फार चांगले आहेत, शिकायला लाग. पन्नाशीत पाटी घेऊन बसलेली माणसं आमच्या वर्गात आहेत, तू तर लहान आहेस.

ओळख लागत नाही. संगीत मंडळं म्हणजे म्युझिक सर्कल शोध. मुंबईत दादर-माटुंगा कल्चरल सेंटर आहे, सांताक्रूझला सबर्बन म्युझिक सर्कल आहे. पुण्यात भारत गायन समाज, भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली काढलेला. आमच्या शेजारी कोल्हापुरात देवल क्लब, १८८३चा. अशा ठिकाणी सभासद होता येतं, किंवा नुसतं कार्यक्रमाच्या दिवशी जाऊन बसलं तरी चालतं. दोन-तीनदा तोंड दिसलं की कुणीतरी म्हणतंच, "पुढच्या रविवारी अमक्यांच्या घरी बैठक आहे, याल का?" घरगुती बैठकांचा रस्ता तिथूनच जातो. वेळेच्या आधी जायचं, गाणं चालू असताना आत-बाहेर करायचं नाही, फोन पिशवीत ठेवायचा, आणि निघताना यजमानांनी पेटी ठेवली असेल तर तीत यथाशक्ती पैसे टाकायचे. कलाकाराचं मानधन त्यातूनच उभं राहतं.

बर्फातला (एडिसन, न्यू जर्सी)

इकडचा अनुभव थोडक्यात. इथे बऱ्याच मैफली घरांच्या तळघरात होतात. जाड गालिचा, सोफे, पडदे, त्यामुळे आवाज कोरडा पडतो. तानपुरा वाजवणाऱ्याला ऐकू येतो, समोरच्याला नाही. यंदा एका यजमानांनी कलाकारांच्या खालचा गालिचा उचलून लाकडी फळ्यांवर चादर टाकली, तर फरक जमीन-अस्मानाचा. कुणाला करून बघायचं असेल तर पैसे लागत नाहीत.

दुसरं म्हणजे हिवाळ्यात घर तापवतात आणि हवा इतकी कोरडी होते की भोपळ्याला तडे जातात. माझ्या मिरजेच्या तानपुऱ्याला एक तडा गेला, तो आलेल्या एका कलाकारांनी स्वतः बसून डिंक आणि लाकडाच्या भुशानं भरला. तेव्हापासून खोलीत वाफेचं यंत्र लावून ठेवतो. मैफलीला मात्र इकडे बहुतेक जण फोनमधलाच तानपुरा वापरतात. सोय आहे, विमानात भोपळा आणणं सोपं नाही. सुराला तो पक्का असतो, पण तार छेडल्यावर ती विझत विझत पुढच्या तारेत जाते ते त्यात मिळत नाही.

खर्जातली (सांगली)

गालिच्याची युक्ती आम्ही या आठवड्यातच वापरणार आहोत. बाईंच्या घरी वरच्या माडीवर बैठक ठरली आहे, चैत्रातल्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी. मारवा आणि मग यमन. मारव्यात पंचम नाही, म्हणून पहिली तार निषादावर लावणार आणि यमनासाठी परत पंचमावर. हे लावणं सगळ्यांसमोर, सावकाश करायचं असं बाईंनी ठरवलंय. माइक नाही. जाजम काढून जमिनीवर नुसती सतरंजी टाकणार.

रमणबागेचे काका, तुम्ही यावं अशी बाईंची फार इच्छा आहे. पुण्याहून सकाळच्या गाडीनं निघालात तर आरामात पोचाल, रात्री मुक्काम आमच्याकडेच. लोकलवाली, तू आजीला घेऊन ये. मिक्सरमागे, तुम्हाला हात बांधून नुसतं ऐकायचं आहे, तेही जमवा. माडीवर साठ माणसं मावतात, खुर्च्या पाच-सहाच आहेत आणि त्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी. ज्यांना खुर्ची हवी त्यांनी मला इथे व्यक्तिगत निरोप ठेवा, पत्ता त्यातच कळवते. गाणं सहाला सुरू होईल, तानपुरे साडेपाचला लावायला घेऊ.